कॅम्पर ट्रेलरमधली वीज गेली तर: बॅटरीपासून दिव्यापर्यंत मोजत जाण्याची पद्धत

रात्री दिवे मंद होतात, नळाचा पंप घरघरतो, फ्रीज मध्येच बंद पडतो आणि सगळ्यांचा पहिला संशय जातो बॅटरीवर. नवी बॅटरी येते, हजारो रुपये जातात आणि पुढच्या मुक्कामी पुन्हा तेच. याचं कारण असं की कॅम्पर ट्रेलरमधल्या बऱ्याच तक्रारींचं मूळ बॅटरीत नसतं. ते एखाद्या ढिल्या थिंबलमध्ये (वायरीच्या टोकावर दाबून बसवलेल्या धातूच्या कडीत), रंगावर बसवलेल्या अर्थच्या, म्हणजे निगेटिव्ह वायर चासीला जोडणाऱ्या, स्क्रूमध्ये किंवा गरजेपेक्षा बारीक वायरमध्ये असतं. ट्रेलर खडबडीत रस्त्यावर तासन्‌तास हादरतो, चाकांचं पाणी खालून उडत राहतं, कोकणात खारी हवा लागते. घराच्या वायरिंगला असलं काही सोसावं लागत नाही. म्हणून इथे एकच नियम पाळा: मीटर लावून दोष दिसेपर्यंत एकही वस्तू बदलू नका.

आधी कोणती वीज गेली ते ठरवा

ट्रेलरमध्ये दोन वेगळ्या वीजव्यवस्था असतात. दिवे, पाण्याचा पंप, पंखा, मोबाइलचे यूएसबी पॉइंट आणि बहुतेक कॉम्प्रेसर फ्रीज १२ व्होल्ट डीसीवर चालतात. भिंतीतली सॉकेट, एसी आणि इंडक्शन शेगडी २३० व्होल्टवर चालतात. दोन्हींना जोडणारी यंत्रं दोनच. चार्जर बाहेरच्या २३० व्होल्टमधून बॅटरी भरतो आणि इन्व्हर्टर बॅटरीतून २३० व्होल्ट तयार करतो.

दिवे लागतात पण सॉकेट मेलेलं आहे, तर इन्व्हर्टर किंवा एमसीबीकडे (जास्त करंट झाला की पडणाऱ्या स्विचकडे) बघा. बाहेरचा प्लग लावला की सगळं छान चालतं आणि काढल्याबरोबर काळोख होतो, तर चार्जरच थेट दिव्यांना वीज देत होता आणि बॅटरी सर्किटमध्ये नव्हतीच. अशा वेळी बॅटरीजवळचा मुख्य फ्यूज, कट-ऑफ स्विच आणि टर्मिनल तपासा. प्लग काढल्यावर तास-दोन तास चालून मग सगळं झोपतं, तर एक तर बॅटरी भरतच नाहीये किंवा ती थकली आहे. एकच दिवा किंवा एकटा पंप बंद असेल तर बॅटरीला हात लावू नका, त्याच लाइनचा फ्यूज आणि त्याची अर्थची जोडणी बघा.

सोबत ठेवायचं सामान

डिजिटल मल्टिमीटर हवाच, पाचशे ते हजार रुपयांतला पुरतो. त्याच्याइतकंच मोलाचं आणि जवळजवळ फुकटातलं दुसरं साधन म्हणजे टेस्ट बल्ब. गाडीच्या इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब होल्डरसकट घ्या आणि त्याला दोन वायरी व मगरक्लिपा लावा. हा बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो. मीटर जवळपास काहीच ओढत नाही, त्यामुळे वायरीची एकच तार शाबूत असली तरी मीटर १२.६ दाखवतो आणि आपण फसतो. त्याच जागी बल्ब लावा. तो मिणमिणला की वायर आतून गेली हे लगेच कळतं.

याशिवाय ५ ते ३० अँपिअरचे ब्लेड फ्यूज, तांब्याची थिंबलं, क्रिंपिंग प्लायर, हीट श्रिंक स्लीव्ह, १० आणि १३ नंबरचे पाने, तारेचा ब्रश, पॉलिश पेपर आणि पेट्रोलियम जेली ठेवा.

१२ व्होल्टचा शॉक बसत नाही, पण अंगठी किंवा कडं टर्मिनल आणि चासीच्या मध्ये सापडलं तर शेकडो अँपिअर वाहतात आणि धातू लाल होतो. आधी अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढा. बॅटरी सोडवताना निगेटिव्ह आधी काढा आणि जोडताना ती शेवटी लावा. छतावर सोलर पॅनेल असेल तर बॅटरीच्या आधी पॅनेलची वायर सोडवा, नाहीतर काही सोलर कंट्रोलर (पॅनेलची वीज बॅटरीला जुळवून देणारी यंत्रं) जळतात.

बॅटरी खरंच दोषी आहे का

सगळे लोड आणि सगळं चार्जिंग बंद करा, दोन-तीन तास थांबा आणि मगच मोजा. नुकत्याच भरलेल्या बॅटरीवर वरवरचा चार्ज असतो, त्यामुळे आकडा फुगलेला येतो. लेड-अ‍ॅसिड बॅटरीत १२.७ म्हणजे पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे पाव आणि ११.८ म्हणजे रिकामी. पूर्ण चार्जिंग करूनही ती साडेदहाच्या आसपासच राहत असेल तर सहापैकी एक सेल गेलेला आहे, ती बदलावीच लागेल.

आता तिच्यावर ताण द्या. सगळे दिवे, पंखा आणि पंप एकदम लावा, साधारण दहा अँपिअरचा लोड होईल. शंभर अँपिअर-अवरची (एक अँपिअर तासभर ओढला की एक अँपिअर-अवर) धडधाकट बॅटरी १२.६ वरून १२.३ च्या आसपास येते आणि तिथेच टिकते. मिनिटभरात साडेअकराच्या खाली घसरली तर तिची ताकद संपली आहे.

लिथियम बॅटरीचं, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटचं, गणित वेगळं आहे. ती भरलेली असताना १३.३ ते १३.४ दाखवते, आणि मग जवळपास निम्मी रिकामी होईपर्यंत १३.१-१३.२ वरच रेंगाळते. व्होल्टवरून तिची पातळी ओळखायचा प्रयत्न सोडून द्या आणि निगेटिव्ह वायरीत शंट (करंट मोजण्याचा तुकडा) बसवून बॅटरी मॉनिटर लावा. नव्या ट्रेलरमध्ये पहिला खर्च कशावर करावा असं कोणी विचारलं तर आमचं उत्तर हेच असतं.

लिथियम बॅटरीच्या टर्मिनलवर शून्य किंवा दोन-चार व्होल्ट दिसले तरी ती मेली असं धरू नका. आतलं बीएमएस सर्किट फार कमी व्होल्ट, जास्त करंट किंवा तापमानामुळे बॅटरी आपोआप तोडतं. सगळे लोड काढा आणि लिथियम जागं करण्याची सोय असलेला चार्जर लावा, बहुतेक वेळा ती उठते. दोन ठिकाणी हे हमखास होतं. विदर्भात मे महिन्यात, उन्हात उभ्या ट्रेलरच्या पुढच्या बंद पेटीत आत इतकं तापतं की बीएमएस बॅटरी बंद करतं. आणि लडाख-स्पितीत पहाटे सेलचं तापमान शून्याच्या खाली असतं, तेव्हा चांगलं बीएमएस चार्जिंग घेतच नाही, दिवे मात्र लागतात. हा बिघाड नव्हे, सेल वाचवण्याची सोय आहे. बॅटरी ट्रेलरच्या आत, माणसांच्या उबेत ठेवली की थंडीची ही अडचण राहत नाही.

घरच्या इन्व्हर्टरची उंच ट्युब्युलर बॅटरी ट्रेलरमध्ये बसवलेली बऱ्याच ठिकाणी दिसते. ती स्वस्त पडते, पण चार्जिंग होताना हायड्रोजन सोडते. झोपायच्या जागेखाली ती ठेवायची नाही. वेगळी, बाहेर झरोका असलेली पेटी हवी, आणि हादऱ्यांनी अ‍ॅसिड सांडत असल्याने डिस्टिल्ड वॉटरची पातळी दर सहलीआधी बघायला हवी.

व्होल्ट कुठे गळतात ते शोधा

हा या लेखाचा गाभा आहे, म्हणून सावकाश वाचा. समजा फ्रीज चालू आहे, बॅटरीवर १२.५ व्होल्ट आहेत आणि फ्रीजच्या प्लगवर ११.३. मधले १.२ व्होल्ट वाटेत कुठेतरी उष्णता होऊन जाताहेत. बहुतेक फ्रीजमध्ये बॅटरी वाचवण्यासाठी कट-ऑफ असतो आणि तो फ्रीजपाशी पोचलेले व्होल्ट बघतो. ‘एच’ सेटिंगवर तो साधारण अकराच्या आसपास फ्रीज बंद करतो. बॅटरी निम्मी भरलेली असूनही पहाटे आतला बर्फ वितळलेला सापडतो, तो यामुळे.

फ्रीज चालूच ठेवा. लोड नसेल तर या तपासणीला अर्थ नाही. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा आणि प्लसच्या वाटेने एकेक टप्पा असा मोजा:

१. एक टोक बॅटरीच्या शिशाच्या प्लस खांबावर, दुसरं त्यावर बसवलेल्या थिंबलवर. ०.०२ च्या आत हवं.

२. तोच पहिला टोक खांबावर ठेवून दुसरं मुख्य फ्यूजच्या पलीकडे. ०.०५ पर्यंत ठीक.

३. मग फ्यूज बॉक्सच्या बाहेर पडणाऱ्या वायरीवर.

४. शेवटी फ्रीजच्या प्लस पिनेवर. इथवर ०.३ आला तर प्लसची बाजू चांगली आहे.

आता निगेटिव्ह. एक टोक बॅटरीच्या मायनस खांबावर, दुसरं निगेटिव्ह बसबारवर (सगळ्या निगेटिव्ह वायरी जिथे एकत्र येतात त्या धातूच्या पट्टीवर): ०.०३. मग फ्रीजच्या मायनस पिनेवर: ०.९. सापडलं. ०.३ आणि ०.९ मिळून १.२, हिशेब पुरा जुळला. दोष बसबार आणि फ्रीजच्या मधल्या निगेटिव्ह वाटेत आहे.

ही वाट उघडून बघितली की चित्र बहुधा ठरलेलं असतं. वायरीचं थिंबल पत्र्याच्या स्क्रूने चासीवर आवळलेलं, त्याच्याखाली चासीचा रंग तसाच, आणि स्क्रूभोवती तपकिरी गंजाचं कडं. स्क्रूचे दोन-तीन आटे तेवढे लोखंडाला लागतात आणि फ्रीजचा सगळा करंट त्यांतून जातो. रुपयाच्या नाण्याएवढी जागा घासून लख्ख लोखंड काढा, आरपार ८ एमएमचा बोल्ट, दातेरी वॉशर आणि नट लावा, आवळल्यावर वरून पेट्रोलियम जेली किंवा रंग लावा. त्याहून चांगला उपाय म्हणजे चासीचा भरवसाच सोडणं आणि फ्रीज, पंप, इन्व्हर्टर या प्रत्येकाची निगेटिव्ह वायर थेट बसबारपर्यंत ओढून नेणं.

थिंबलसुद्धा फसवतं. बाहेरून चकचकीत दिसतं, पण हाताने जोर लावून ओढलं की वायर सरकन बाहेर येते आणि आतलं तांबं काळं पडलेलं दिसतं. साध्या पकडीने दाबलेलं थिंबल हादऱ्यांत असं सुटतं. क्रिंपिंग प्लायरने दाबा, मग ओढून बघा आणि शेवटी स्लीव्ह चढवा. नुसता सोल्डर करून भागवू नका. सोल्डर जिथे संपतो तिथे तार ताठ होते आणि हादऱ्यांनी तुटते.

सांधे सगळे चांगले असूनही व्होल्ट पडत असतील तर वायर बारीक आहे. फ्रीज ५ अँपिअर ओढतो आणि बॅटरीपासून ६ मीटरवर आहे, म्हणजे जाऊन-येऊन १२ मीटर तांबं. १.५ स्क्वेअर एमएमच्या वायरीत ०.७ व्होल्ट गळतात, ४ स्क्वेअर एमएममध्ये पाव व्होल्ट. घराच्या २३० व्होल्टमध्ये ०.७ व्होल्ट कोणाच्या लक्षातही येत नाहीत, १२ व्होल्टमध्ये तेवढ्यावर फ्रीज बंद पडतो. घरांचं वायरिंग करणाऱ्या वायरमनकडून ट्रेलर करून घेतला की हीच चूक होते. फ्रीजसाठी सिगारेट लायटरचं सॉकेटही वापरू नका. त्याची स्प्रिंग हादऱ्यात सुटते आणि प्लग गरम होतो. अँडरसन कनेक्टर (जाड करंटसाठीचा, घट्ट बसणारा जोड) बसवा.

फ्यूज

ब्लेड फ्यूज डोळ्यांनी बघून ठरवू नका, आतली तार केसाएवढी तडकलेली दिसत नाही. फ्यूजच्या डोक्यावर दोन उघडे ठिपके असतात. मीटरचं काळं टोक बॅटरीच्या मायनसवर ठेवून लाल टोक दोन्ही ठिपक्यांवर आळीपाळीने लावा. दोन्हीकडे १२ असेल तर फ्यूज चांगला, एकीकडेच असेल तर उडालेला. रंग लक्षात ठेवा: ५ फिकट तपकिरी, ७.५ गडद तपकिरी, १० लाल, १५ निळा, २० पिवळा, २५ पारदर्शक, ३० हिरवा.

फ्यूज वायरीला वाचवण्यासाठी असतो. १.५ स्क्वेअर एमएमला १० चा, २.५ ला २० चा, ४ ला ३० चा, यापुढे जाऊ नका. उडतो म्हणून मोठा घातला तर पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायर जळते, आणि ती लाकडी किंवा फोमच्या भिंतीत असते. बॅटरीचा मुख्य फ्यूज प्लस टर्मिनलपासून एका वितीच्या आत हवा.

फ्यूज पुन्हापुन्हा उडत असेल तर डझनभर फ्यूज वाया घालवू नका. त्या लाइनवरचे सगळे लोड बंद करा आणि फ्यूजच्या जागी तो २१ वॅटचा बल्ब जोडा. बल्ब पूर्ण तेजाने पेटला तर कुठेतरी शॉर्ट आहे. आता दुसऱ्या कोणाला बल्बकडे लक्ष ठेवायला सांगा आणि वायर हाताने हलवत हलवत पुढे जा, चासीच्या धारांपाशी, दरवाज्याच्या बिजागरीपाशी, चाकाच्या वर. ज्या जागी बल्ब लुकलुकतो, तिथेच इन्सुलेशन घासून तांबं लोखंडाला टेकलेलं आहे.

बॅटरी भरत का नाही

कुठलाही चार्जिंगचा मार्ग चालू केला की बॅटरीवरचे व्होल्ट चढले पाहिजेत. काही मिनिटांत आकडा वर सरकला, पुढे १३.८ ते १४.४ कडे गेला, तर वीज पोचते आहे. जागचा हललाच नाही तर मार्ग तुटला आहे.

गाडीतून येणारं चार्जिंग सगळ्यात जास्त गोंधळाचं. २०२० नंतरच्या अनेक बीएस-६ गाड्यांत स्मार्ट अल्टरनेटर असतो. गाडीची बॅटरी भरली की तो व्होल्ट १२.५ च्या आसपास उतरवतो. जुन्या पद्धतीचा व्होल्टेज रिले, म्हणजे व्होल्ट चढले की दोन्ही बॅटऱ्या आपोआप जोडणारा स्विच, साधारण १३.३ ला जोडतो, त्यामुळे अशा गाडीमागे तो दिवसभर न जोडताच राहू शकतो. यावर डीसी-टू-डीसी चार्जर (गाडीचे कमी व्होल्ट वाढवून ट्रेलरची बॅटरी भरणारा) हाच उपाय, आणि त्याची इग्निशनची बारीक वायर जोडलेली हवी. ती विसरल्याने चार्जर सुरूच होत नाही, ही तक्रार अगदी नेहमीची. वायरीची जाडीही बघा. गाडीच्या बॅटरीपासून ट्रेलरपर्यंत साडेसात मीटर, २० अँपिअर, आणि वायर २.५ स्क्वेअर एमएम असेल तर दोन व्होल्ट वाटेतच संपतात. १० स्क्वेअर एमएममध्ये अर्धा व्होल्ट. १६ घातली तर आणखी बरं.

सोलर दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान, लख्ख उन्हात तपासा. पॅनेल कंट्रोलरपासून सोडवा आणि मोकळे व्होल्ट मोजा. १२ व्होल्टच्या ३६ सेलवाल्या पॅनेलवर २० ते २२ आले तर पॅनेल ठीक. शून्य आले तर एमसी-४ कनेक्टर (पॅनेलच्या वायरींचा जोड) उघडा, आत पाणी किंवा काळी पडलेली पिन सापडेल. १०० वॅटच्या पॅनेलमधून भर दुपारीही ५ अँपिअरच्या आसपासच येतात, त्याला दोष समजू नका. कंट्रोलर जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल. बॅटरीच्या बाजूचा फ्यूज उडालेला असेल तर कंट्रोलरचा दिवा पॅनेलच्या जोरावर लागतो पण बॅटरीत काहीच जात नाही. कंट्रोलरवरचे व्होल्ट आणि बॅटरीच्या खांबावरचे व्होल्ट ताडून बघा, लगेच कळेल. झाडाच्या एका फांदीची सावलीसुद्धा पॅनेलचा मोठा भाग निकामी करते, कारण सेल माळेसारखे एकामागे एक जोडलेले असतात. मार्च-एप्रिलच्या धुळीनंतर पॅनेल साध्या पाण्याने धुवा, फरक आकड्यात दिसतो.

पण मीटर सगळीकडे बरोबर आकडा दाखवत असेल आणि तरी चौथ्या दिवशी बॅटरी बसत असेल, तर हिशेब मांडा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात फ्रीज दिवसाला ४०-४५ अँपिअर-अवर खातो, पंखा रात्रभरात १२, दिवे आणि मोबाइल १०. म्हणजे ६५ च्या आसपास. २०० वॅटचं सोलर स्वच्छ दिवसाला ५०-६० परत देतं, पावसाळ्यात त्याच्या कितीतरी कमी. शंभरची लेड-अ‍ॅसिड बॅटरी आयुष्य राखून वापरायची तर तिच्यातले ५० च आपले. इथे बिघाड काहीच नाही, मिळकतीपेक्षा खर्च जास्त आहे एवढंच. पॅनेल वाढवा, नाहीतर एक दिवसाआड गाडी चालवून किंवा बाहेरचा प्लग लावून भर घाला.

इन्व्हर्टर

१००० वॅटचा लोड म्हणजे बॅटरीतून ९० अँपिअर. १८०० वॅटची इंडक्शन शेगडी १६५ च्या घरात जाते, आणि ‘लो’ वर ठेवल्या तरी बऱ्याच शेगड्या पूर्ण ताकदीने चालू-बंद होत राहतात. मिक्सर सुरू होताना क्षणभर दुप्पट-तिप्पट ओढतो. इन्व्हर्टर कर्कश वाजून बंद पडला की आधी त्याच्या टर्मिनलवर, लोड चालू असतानाच, व्होल्ट मोजा. तिथे १०.५ आणि बॅटरीवर १२.२ असेल तर केबल किंवा तिची थिंबलं दोषी. १००० वॅटला दीड मीटरपर्यंत निदान २५ स्क्वेअर एमएमची केबल लागते. चाचणीनंतर प्रत्येक सांध्यावर हात फिरवा, गरम लागला तो सांधा उघडा.

एक चूक अशी की शोधून सापडत नाही: २३० व्होल्टचा बॅटरी चार्जर इन्व्हर्टरवर चालणाऱ्या सॉकेटमध्ये लावलेला असतो. बॅटरी स्वतःलाच भरू पाहते आणि वाटेतल्या गळतीने सकाळपर्यंत रिकामी होते. चार्जर फक्त बाहेरच्या लाइनवरच हवा.

उभ्या ट्रेलरची बॅटरी उतरते तेव्हा

सगळं बंद आहे असं वाटतं तेव्हाही गॅस डिटेक्टर, रेडिओची मेमरी, यूएसबी सॉकेटचे निळे आकडे आणि चालू राहिलेला इन्व्हर्टर थोडंथोडं ओढत असतात. काही न जोडता नुसता चालू राहिलेला इन्व्हर्टरच एक अँपिअर घेऊ शकतो. डीसी क्लॅम्प मीटर असेल तर निगेटिव्ह केबलभोवती लावा. नसेल तर मल्टिमीटर १० अँपिअरच्या भोकात लावून निगेटिव्हच्या मालिकेत जोडा. या वेळी पंप किंवा इन्व्हर्टर सुरू करू नका, मीटरचा फ्यूज उडेल. काम झाल्यावर लाल टोक लगेच व्होल्टच्या भोकात परत घाला. ते विसरून पुढे व्होल्ट मोजायला गेलात तर थेट शॉर्ट होतो.

०.३ अँपिअर म्हणजे दिवसाला ७ अँपिअर-अवर, दहा दिवसांत ७२. एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा कोसळतो, ती लाइन तुमची चोर.

बाहेरचा २३० व्होल्टचा प्लग लावण्याआधी

इथे चूक जिवावर बेतते. फार्महाउस, ढाबा, रिसॉर्ट, कुठेही प्लग घालण्याआधी सॉकेट मोजा. मीटर एसी ७५० किंवा ६०० वर. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तेवढंच, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थ शंभरच्या आसपास तरंगत असेल तर त्या सॉकेटला अर्थिंगच नाही. अशा ठिकाणी चार्जरच्या आतल्या फिल्टरमधून ट्रेलरच्या पत्र्यावर वीज येते आणि ओल्या गवतात उभं राहून दाराची कडी धरली की झिणझिण्या येतात. तिथे प्लग लावू नका, बॅटरीवर राहा. फेज-न्यूट्रल २६० च्या वर असेल तरीही लावू नका. गावाकडे न्यूट्रल तुटला की सिंगल फेजच्या सॉकेटवर चारशेकडे जाणारे व्होल्ट येऊ शकतात आणि चार्जर, एसी सगळं जातं.

संध्याकाळी १७०-१८० व्होल्ट आले तर एसीचा कॉम्प्रेसर उठत नाही, नुसता गुणगुणतो. तो लगेच बंद करा. चांगला चार्जर मात्र एवढ्या व्होल्टवरही चालतो. एक्स्टेन्शन बोर्ड घरगुती, बारीक वायरीचा नको. २.५ स्क्वेअर एमएम, तीन कोरची, १६ अँपिअरच्या प्लगची केबल घ्या आणि ती पूर्ण उलगडून वापरा. गुंडाळी तशीच ठेवली की आतली उष्णता बाहेर पडत नाही आणि इन्सुलेशन वितळतं.

बाहेरची लाइन ट्रेलरमध्ये शिरताच तिथे ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळाली की लाइन तोडणारा स्विच) हवीच. तिचं टेस्ट बटण प्रत्येक मुक्कामी दाबा. आरसीसीबी पडत असेल तर सगळे एमसीबी खाली करा, ती वर करा, मग एकेक एमसीबी चढवा. ज्याने पडते त्या लाइनवरची वस्तू काढा. बहुतेक वेळा तो पाण्याचा हीटर किंवा बाहेरच्या सॉकेटमध्ये शिरलेलं पावसाचं पाणी असतं. यापुढे २३० व्होल्टची पेटी उघडायचं काम परवानाधारक वायरमनचं. आरसीसीबी बायपास करून रात्र काढू नका.

मागचे दिवे

ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो, टेल लॅम्प उलटसुलट लागतात, ही अर्थ तुटल्याची खूण आहे. करंट परतीची वाट शोधत दुसऱ्या बल्बमधून जातो. सात पिनांच्या नेहमीच्या सॉकेटमध्ये १ डावा इंडिकेटर, ३ अर्थ, ४ उजवा इंडिकेटर, ५ उजवा टेल, ६ ब्रेक, ७ डावा टेल. वायरींच्या रंगांवर विसंबू नका, बनवणारा हाताला येईल तो रंग वापरतो. पिनेचा आकडा सॉकेटवर कोरलेला असतो, तोच बघा. ३ नंबरची पिन पॉलिश पेपरने घासा, तिचा स्क्रू आवळा, आणि बहुतेक वेळा काम तिथेच संपतं.

पावसाळ्यात ट्रेलर उभा करताना

लेड-अ‍ॅसिड बॅटरी पूर्ण भरून ठेवा आणि महिन्यातून एकदा चार्जर लावा, अर्धवट रिकामी ठेवली तर प्लेटांवर सल्फेट बसतं. लिथियम ५०-६० टक्क्यांवर ठेवून निगेटिव्ह काढून टाका. प्रत्येक टर्मिनलला जेली, सात पिनांच्या प्लगला तोंड खाली करून पिशवी. दसऱ्याआधी ट्रेलर बाहेर काढाल तेव्हा बॅटरी जोडायच्या आधी टॉर्च घेऊन फ्यूज बॉक्सच्या मागे आणि चाकांच्या वरच्या खोबणीत बघा. उंदरांना वायरीचं इन्सुलेशन कुरतडायला उबदार कोपरा लागतो आणि ट्रेलरमध्ये तो तिथेच असतो. कुरतडल्याची जरा जरी शंका आली तर बॅटरीची पहिली जोडणी २१ वॅटच्या बल्बमधून करा. कट-ऑफ चालू आणि सगळे स्विच बंद असताना बल्ब पूर्ण पेटला, तर कुठेतरी उघडी तार चासीला टेकलेली आहे.